आनुवंशिक रक्तस्राव विकारांचे जनुकीय निदान

आनुवंशिक रक्तस्राव विकारांचे जनुकीय निदान म्हणजे हिमोफिलिया, व्हॉन विलेब्रांड आजार, ग्लान्झमन थ्रोम्बॅस्थेनिया यांसारख्या जन्मजात विकारांस कारणीभूत असलेला जनुकातील नेमका बदल प्रयोगशाळेत शोधून काढण्याची प्रक्रिया होय. रुग्णाला विकार आहे किंवा नाही हे बहुतेक वेळा रक्त गोठण्याच्या साध्या चाचण्यांतूनच कळते. जनुकीय चाचणीचा खरा उपयोग रुग्णाच्या भोवतालच्या कुटुंबासाठी होतो: विकाराच्या वाहक असलेल्या स्त्रिया ओळखणे, गर्भनिदान करणे आणि प्रसूतीची पूर्वतयारी करणे. महाराष्ट्रात या क्षेत्रातील प्रमुख कार्य मुंबईतील परळ येथे, केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी (एनआयआयएच) या संस्थेत झाले आहे. ही संस्था भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अखत्यारीत येते.

विकार आणि जबाबदार जनुके

रक्तवाहिनीला इजा झाल्यावर प्रथम रक्तातील बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट, जखमेच्या जागी चिकटतात आणि नंतर रक्तद्रवातील गोठण घटक एकामागून एक कार्यान्वित होऊन फायब्रिनची घट्ट जाळी तयार होते. या साखळीतील कोणतेही प्रथिन जन्मतः कमी किंवा सदोष असल्यास रक्तस्राव लवकर थांबत नाही.

घटक ८ च्या कमतरतेमुळे हिमोफिलिया ए आणि घटक ९ च्या कमतरतेमुळे हिमोफिलिया बी होतो. हिमोफिलिया ए साधारणपणे ५,००० पुरुष जन्मांमागे एकात आढळतो. हिमोफिलिया बी त्याहून बराच विरळ आहे. घटकाची पातळी सामान्याच्या १ टक्क्याहून कमी असल्यास विकार तीव्र, १ ते ५ टक्के असल्यास मध्यम आणि ५ ते ४० टक्के असल्यास सौम्य मानला जातो. तीव्र विकारात कोणतीही इजा नसताना गुडघा, घोटा, कोपर अशा सांध्यांत रक्त साचते व उपचार न मिळाल्यास सांधा कायमचा निकामी होतो.

घटक ८ चे एफ८ जनुक एक्स गुणसूत्राच्या टोकाजवळ आहे. ते सुमारे १,८६,००० आधार जोड्या इतके लांब असून त्यात २६ एक्झॉन आहेत. १९८४ मध्ये त्याची रचना उलगडली. घटक ९ चे एफ९ जनुक त्याच गुणसूत्रावर असले तरी बरेच लहान आहे. त्यात ८ एक्झॉन असून ते १९८२ मध्येच वेगळे करता आले होते. आकारातील हा फरक प्रयोगशाळेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण एफ९ चे संपूर्ण वाचन तुलनेने सोपे, तर एफ८ चे वाचन दीर्घकाळ अवघड व खर्चिक राहिले.

व्हॉन विलेब्रांड आजाराचे जनुक १२ व्या गुणसूत्रावर असून त्यात ५२ एक्झॉन आहेत. २२ व्या गुणसूत्रावर या जनुकाच्या एका भागाची निष्क्रिय नक्कल, म्हणजे आभासी जनुक, असल्याने चाचणीत चुकीचे वाचन होण्याचा धोका असतो. ग्लान्झमन थ्रोम्बॅस्थेनियात बिंबाणूंची संख्या पुरेशी असूनही ते एकमेकांना चिकटत नाहीत. त्याची दोन जनुके १७ व्या गुणसूत्रावर आहेत. घटक ७, १०, ११, १३ आणि फायब्रिनोजेन यांच्या कमतरता अधिक दुर्मीळ आहेत. फायब्रिनोजेनच्या बीटा साखळीतील ४३४ व्या स्थानी ग्लायसिनऐवजी ॲस्पार्टिक आम्ल येण्याच्या एका बदलाचे वर्णन २००६ मध्ये इटलीतील व मुंबईतील संशोधकांनी मिळून केले. सदोष फायब्रिनोजेनला ते आढळल्याच्या गावाचे नाव देण्याच्या प्रथेनुसार त्याला ‘फायब्रिनोजेन मुंबई’ असे नाव मिळाले.

आनुवंशिकता आणि आजोळ

हिमोफिलिया ए आणि बी एक्स गुणसूत्राशी निगडित आहेत. पुरुषात एकच एक्स गुणसूत्र असल्याने त्यावरील सदोष जनुकाने विकार प्रकट होतो. स्त्रीमध्ये दुसरे एक्स गुणसूत्र बहुधा उणीव भरून काढते व ती वाहक ठरते. वाहक स्त्रीच्या प्रत्येक मुलाला विकार होण्याची आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. हिमोफिलिया असलेल्या पुरुषाच्या सर्व मुली वाहक असतात. त्याच्या मुलांना मात्र त्याच्याकडून हा विकार मिळत नाही.

यामुळे विकाराचा माग आजोळाकडून लागतो. रुग्णाच्या मामाला, आईच्या मामाला किंवा मावसभावाला असाच त्रास होता का, हा तपासणीतील पहिला प्रश्न असतो. महाराष्ट्रातील वंशावळी व भाऊबंदकी पित्याकडून मोजली जाते, तर हिमोफिलियाची वंशरेषा स्त्रियांमधून जाते आणि विवाहानंतर त्यांचे आडनाव व गाव बदलते. परिणामी चार गावांतील चार वेगळ्या आडनावांची कुटुंबे एकाच उत्परिवर्तनाची वारस असूनही त्यांना एकमेकांच्या आजाराची माहिती नसते. लहानपणी कान टोचताना, सुंता करताना, दुधाचा दात पडताना किंवा पडल्या-आपटल्यावर रक्त न थांबल्याने गेलेल्या मामाची आठवण अनेकदा आजीपाशीच उरलेली असते.

मामाच्या मुलीशी विवाह करण्याच्या प्रथेचा येथे वेगळाच संबंध येतो. मामाला हिमोफिलिया असल्यास त्याची मुलगी निश्चितपणे वाहक असते. भाचाही त्याच विकाराने बाधित असून त्याने तिच्याशी विवाह केला, तर होणाऱ्या मुलींपैकी सरासरी निम्म्या मुलींना प्रत्यक्ष हिमोफिलिया होऊ शकतो. एरवी स्त्रियांमध्ये तीव्र हिमोफिलिया अत्यंत विरळ आहे. ग्लान्झमन थ्रोम्बॅस्थेनिया, घटक १३ ची कमतरता आणि व्हॉन विलेब्रांड आजाराचा तीव्र, म्हणजे तिसरा प्रकार हे विकार आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावर होतात. त्यामुळे ते नात्यातील विवाहांत तुलनेने अधिक दिसतात आणि मुलगा-मुलगी दोघांनाही सारखेच होतात.

तीव्र हिमोफिलियाच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात पूर्वी असा आजार झालेला नसतो. अशा वेळी दोष आईच्या माथी मारला जातो. जनुकशास्त्राने दिलेले उत्तर निराळे आहे. तीव्र हिमोफिलिया ए मधील सर्वाधिक आढळणारा बदल, इंट्रॉन २२ चे इन्व्हर्शन, जवळजवळ नेहमीच पुरुषाच्या बीजपेशी तयार होताना घडतो. म्हणजे एकट्यादुकट्या रुग्णाची आई बहुधा वाहक असते, पण तो बदल बहुतेक वेळा तिच्या वडिलांच्या, म्हणजे रुग्णाच्या आजोळच्या आजोबांच्या बीजपेशीत प्रथम उद्भवलेला असतो. आजोबा स्वतः निरोगी असतात.

गोठण चाचण्यांची मर्यादा

हिमोफिलियाचे प्राथमिक निदान एपीटीटी ही चाचणी व त्यानंतर घटक ८ किंवा ९ चे मोजमाप यांवरून होते. रुग्णासाठी ते पुरेसे असले तरी वाहक ओळखण्यासाठी ते भरवशाचे नाही. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र यादृच्छिकपणे निष्क्रिय होते. त्यामुळे वाहक स्त्रीतील घटकाची पातळी अगदी कमी ते पूर्ण सामान्य अशी कुठेही असू शकते. सामान्य पातळी आढळली म्हणून स्त्री वाहक नाही असे म्हणता येत नाही. गर्भारपणात घटक ८ ची पातळी नैसर्गिकरीत्या वाढत असल्याने त्या काळातील मोजमाप अधिकच फसवे ठरते.

उलट बाजूने, नवजात बालकात घटक ९ ची पातळी मुळातच कमी असते व ती प्रौढांच्या पातळीवर येण्यास काही महिने लागतात. अशा बालकात सौम्य हिमोफिलिया बी चे निदान केवळ मोजमापावरून होत नाही. घटक १३ च्या कमतरतेत तर नेहमीच्या दोन्ही गोठण चाचण्या सामान्य येतात; नाळ गळून पडताना होणारा दीर्घ रक्तस्राव हीच पहिली खूण असते. एमिसिझुमॅब हे औषध सुरू असलेल्या रुग्णात एपीटीटीवर आधारित चाचण्या निरुपयोगी होतात, पण जनुकीय चाचणीवर त्याचा काहीही परिणाम होत नाही.

दोन विकारांतील साम्यामुळेही घोटाळा होतो. व्हॉन विलेब्रांड आजाराच्या २एन प्रकारात घटक ८ कमी असतो आणि चित्र सौम्य हिमोफिलिया ए सारखेच दिसते. उपचार मात्र वेगळे आहेत, आणि वारसाही वेगळ्या मार्गाने चालतो. येथे जनुकीय चाचणी रुग्णाच्या स्वतःच्या निदानासाठीही आवश्यक ठरते.

चाचणीच्या पद्धती

तीव्र हिमोफिलिया ए च्या रुग्णात प्रथम इंट्रॉन २२ चे इन्व्हर्शन तपासले जाते. एफ८ जनुकाच्या या इंट्रॉनमधील एका क्रमाच्या प्रती गुणसूत्राच्या टोकाकडे जनुकाबाहेरही आहेत. या प्रती एकमेकींशी जुळून मधला भाग उलटा बसतो आणि जनुक दोन तुकड्यांत विभागले जाते. १९९३ मध्ये उलगडलेला हा एकच बदल जगभरातील तीव्र हिमोफिलिया ए च्या सुमारे ४५ टक्के रुग्णांत आढळतो. तो पूर्वी सदर्न ब्लॉटिंगने, नंतर लाँग पीसीआर व इन्व्हर्स पीसीआर या पद्धतींनी शोधला जाऊ लागला. एका साध्या चाचणीत जवळजवळ निम्म्या तीव्र रुग्णांचे उत्तर मिळत असल्याने मर्यादित साधनांच्या प्रयोगशाळांसाठी ही पायरी फार मोलाची आहे. इंट्रॉन १ मधील तसाच बदल थोड्या रुग्णांत सापडतो.

दोन्ही नसल्यास जनुकाचे एक्झॉन वाचले जातात. मोठे तुकडे गहाळ किंवा दुप्पट झाले असल्यास एमएलपीए ही पद्धत वापरतात. नव्या पिढीच्या सिक्वेन्सिंगमुळे रक्तस्रावाशी संबंधित अनेक जनुके एकाच वेळी वाचता येतात. दुर्मीळ विकारांत, विशेषतः बिंबाणूंच्या विकारांत, हे उपयुक्त आहे. मात्र इंट्रॉन २२ चे इन्व्हर्शन सामान्य एक्झॉन वाचनात दिसत नाही. त्यामुळे महागडी चाचणी करूनही सर्वसाधारण उत्तर हातचे निसटू शकते.

थेट वाचन परवडत नव्हते त्या काळात भारतात सहलग्नता विश्लेषणावर भर होता. यात बदल स्वतः न शोधता त्याच्या शेजारील निरुपद्रवी खुणांच्या आधारे सदोष गुणसूत्र कुटुंबात कोणाकडे गेले हे ठरवितात. पद्धत स्वस्त आहे, पण तिला रुग्णाचा नमुना लागतो आणि आई त्या खुणेसाठी विषमयुग्मी असावी लागते. एकट्या रुग्णाच्या कुटुंबात तिचा उपयोग मर्यादित आहे.

या पद्धतींच्या सामर्थ्याचे प्रसिद्ध उदाहरण रशियाच्या राजघराण्याचे आहे. ब्रिटनच्या राणी व्हिक्टोरियाच्या वंशजांतील हिमोफिलिया कोणत्या प्रकारचा होता हे शतकभर अज्ञात होते. २००९ मध्ये झारच्या कुटुंबाच्या अस्थींतील डीएनए वाचून तो हिमोफिलिया बी असल्याचे सिद्ध झाले.

महाराष्ट्रातील वाटचाल

मुंबईतील रक्तशास्त्रीय संशोधनाची परंपरा १९५२ मध्ये य. मो. भेंडे व सहकाऱ्यांनी वर्णन केलेल्या बॉम्बे रक्तगटापासून जगाला परिचित आहे. १९५७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केले. त्याचाच विस्तार होऊन आजची एनआयआयएच उभी राहिली. रक्तगटांवरून संस्थेचे काम हिमोग्लोबिनचे विकार, रक्तस्राव विकार व प्रतिकारशक्तीचे विकार यांकडे वळले. दीपिका मोहंती, कांजाक्ष घोष आणि श्रीमती शेट्टी यांच्या कार्यकाळात येथे हिमोफिलियातील वाहक निदान व गर्भनिदानाची घडी बसली. पहिल्या तिमाहीतील गर्भनिदानाचा दहा वर्षांचा अनुभव संस्थेने २००६ मध्ये प्रसिद्ध केला. संस्थेचे विदर्भातील केंद्र चंद्रपूर येथे असून त्याचा भर सिकलसेल व इतर हिमोग्लोबिन विकारांवर आहे.

रुग्णांच्या बाजूने हिमोफिलिया फेडरेशन (इंडिया) ही संघटना १९८३ पासून कार्यरत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये हिमोफिलियाचा दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत समावेश झाला.

ग्रामीण भागातील स्थिती

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल हे या व्यवस्थेपासूनचे अंतर समजण्यास उपयुक्त उदाहरण आहे. जिल्ह्याचे मुख्यालय घाटावर, तर सातपुड्याला लागून असलेला हा तालुका घाटाखाली आहे. रेल्वेसाठी शेगाव गाठावे लागते आणि तेथून मुंबई सुमारे ५५० किलोमीटर आहे. जवळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अकोल्याला, तर अमरावती हे विभागाचे ठिकाण. अशा गावातील मुलाचा सुजलेला गुडघा वाताचा किंवा मार लागल्याचा समजून शेकला जाणे, चोळला जाणे किंवा सुईने पाणी काढण्याचा प्रयत्न होणे हे धोके वास्तव आहेत.

घटकांचे मोजमाप अशा अंतरावर टिकत नाही. त्यासाठी सायट्रेट नळीतील रक्ताचा रक्तद्रव काही तासांत वेगळा करून तपासावा किंवा गोठवावा लागतो. उशीर झाल्यास घटक ८ ची पातळी खोटीच कमी येते आणि निरोगी व्यक्तीवरही संशय येतो. डीएनएचे तसे नाही. ईडीटीए नळीत घेतलेले काही मिलिलिटर रक्त योग्य वेष्टनात कुरियरने एक-दोन दिवसांत पोहोचले तरी चाचणीस चालते. म्हणून रुग्णाच्या आईने, मावशीने किंवा बहिणीने मुंबईचा प्रवास न करताही तिचा नमुना जाऊ शकतो. अवघड तंत्रज्ञानाची मानली जाणारी चाचणी दूरच्या खेड्यासाठी साध्या चाचणीपेक्षा अधिक सोयीची ठरते, हे काहीसे विपरीत वाटले तरी खरे आहे. समुपदेशन मात्र कुरियरने जात नाही. अहवालाचा अर्थ समजावणारी व्यक्ती जवळ नसणे ही ग्रामीण भागातील मोठी उणीव आहे.

नमुन्यांत पहिला मान बाधित रुग्णाचा असतो. त्याच्यातील बदल सापडला की नातेवाईक स्त्रियांत फक्त तेवढीच जागा तपासावी लागते. खर्च व वेळ दोन्ही कमी होतात. रुग्ण दगावला आणि त्याचे रक्त किंवा डीएनए जतन केलेले नसले, तर सहलग्नता विश्लेषणाचा आधार जातो व बहिणीच्या चाचणीचा नकारार्थी निकाल कधीच पूर्ण निर्णायक होत नाही. त्यामुळे बहिणीच्या विवाहाची किंवा गर्भारपणाची वाट न पाहता रुग्णाची जनुकीय चाचणी निदानासोबतच करून ठेवणे इष्ट मानले जाते.

गर्भनिदान आणि कायदा

गर्भाच्या चाचणीसाठी साधारणपणे ११ ते १३ व्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म तुकडा, १५ व्या आठवड्यानंतर गर्भजल, किंवा कुटुंबातील बदल अज्ञात असल्यास १८ व्या आठवड्याच्या सुमारास नाळेतील रक्त घेतले जाते. नाळेतील रक्तात गोठण घटक थेट मोजता येतो. प्रत्येक पद्धतीत गर्भपाताचा थोडा धोका असतो. नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या नाहीत याची स्वतंत्र खात्री करावी लागते. बदल आधीच माहीत असल्यास निकाल काही दिवसांत मिळतो. गर्भारपणात शोधास सुरुवात केल्यास वेळ बहुधा अपुरा पडतो.

हिमोफिलियाच्या गर्भनिदानात गर्भाचे लिंग प्रयोगशाळेला कळतेच, कारण विकार मुख्यतः मुलग्यांना होतो. गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम १९८८ मध्ये केला. त्यानंतर १९९४ चा केंद्रीय कायदा आला व २००३ मध्ये तो अधिक व्यापक झाला. या कायद्याने लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारांच्या शोधासाठी गर्भनिदानास परवानगी दिली आहे. त्यासाठी केंद्र नोंदणीकृत असावे लागते. गर्भवतीला समजणाऱ्या भाषेत परिणामांची माहिती देऊन तिची लेखी संमती घेणे आणि तिला संमतीपत्राची प्रत देणे बंधनकारक आहे. गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे सांगणे गुन्हा आहे. त्यामुळे कुटुंबाला गर्भ बाधित आहे किंवा नाही एवढेच कळवायचे असते. गर्भ वाहक आहे असे लिहिणेसुद्धा लिंग उघड करणे ठरेल.

ही मर्यादा निव्वळ औपचारिक नाही. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यातील ० ते ६ वयोगटातील मुलींचे मुलांशी प्रमाण राज्याच्या सरासरीहून कमी होते. कायद्याच्या धाकाने काही ठिकाणी वैध चाचणीही नाकारली जाते, तर दुसरीकडे आजाराचे निमित्त लिंगनिदानासाठी वापरले जाण्याची भीती असते. गर्भजलापूर्वीच्या टप्प्यावर, कृत्रिम गर्भधारणेत भ्रूणाची तपासणी करण्यास २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने केवळ ज्ञात आनुवंशिक आजारांपुरती मुभा दिली आहे. तिचा खर्च बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे.

गर्भनिदान म्हणजे गर्भपात असे समीकरण नाही. अनेक दांपत्ये गर्भ पुढे वाढवितात आणि माहितीचा उपयोग प्रसूतीसाठी करतात. वाहक स्त्रीच्या प्रसूतीत चिमटा व व्हॅक्यूम टाळले जातात, कारण बाधित बालकाच्या मेंदूत रक्तस्रावाचा धोका असतो. निदान होईपर्यंत बालकाला स्नायूत इंजेक्शन देताना काळजी घेतली जाते. घटकाची पातळी कमी असलेल्या वाहक मातेलाही प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव होऊ शकतो. ‘वाहक म्हणजे निरोगी’ हा समज म्हणूनच धोक्याचा आहे.

उपचारांतील उपयोग

बाहेरून दिलेल्या घटकाविरुद्ध काही रुग्णांच्या शरीरात प्रतिपिंडे, म्हणजे इनहिबिटर, तयार होतात व उपचार निष्प्रभ होतात. जनुकाचा मोठा भाग गहाळ असलेल्या रुग्णांत हा धोका सर्वाधिक, तर एकाच अमिनो आम्लाचा बदल असलेल्यांत कमी असतो. एफ९ जनुक मोठ्या प्रमाणात गहाळ असलेल्या मुलांना घटक ९ दिल्यावर तीव्र ॲलर्जीही होऊ शकते. त्यामुळे त्यांचे सुरुवातीचे डोस रुग्णालयातच द्यावे लागतात. जनुकोपचाराच्या दिशेने वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने तीव्र हिमोफिलिया ए च्या ५ रुग्णांवर लेंटिव्हायरसच्या साहाय्याने केलेल्या उपचारांचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

मर्यादा

थोड्या रुग्णांत सर्व पद्धती वापरूनही बदल सापडत नाही. सापडलेला बदल रोगकारक आहे की निरुपद्रवी हे ठरविता न येणे ही दुसरी अडचण होय. अशा अनिश्चित बदलाच्या आधारे गर्भनिदान केले जात नाही. काही स्त्रियांच्या रक्तात बदल नसतो, पण बीजांडांपैकी काहींत असतो. म्हणून एकट्या रुग्णाच्या आईची चाचणी नकारार्थी आली तरी पुढील गर्भारपणात काही धोका उरतो आणि समुपदेशनात तो स्पष्ट सांगावा लागतो. व्हॉन विलेब्रांड आजाराच्या सौम्य पहिल्या प्रकारात जनुकीय बदल व लक्षणे यांचा मेळ बहुधा बसत नाही. या प्रकारात जनुकीय चाचणी नेहमी सुचविली जात नाही.